नाकाने कांदे सोलणारा

परवा लॅपटॉपची साफसफाई करताना एक एक्सेल शीट सापडली. फाईलचं नाव 'खाणं २०२२-२३ फायनल फायनल २'. (नावावरून फाईल कुणी बनवली हे आयटीतल्या माणसाला सांगायला नकोच.) कॉलम पाच: तारीख, पदार्थ, कोणाकडे, खर्च आणि शेरे. शेऱ्यांचा कॉलम माझ्याकडे होता. वाचताना मजा येत होती. काय एकेक वाक्यं टाकली होती मी! मग आठवलं की त्यातले जून ते ऑगस्टचे सगळे शेरे साफ खोटे आहेत.

त्याचीच ही गोष्ट.

आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूला मिळून चौदा जणांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा जमायचं, एखादाच पदार्थ किंवा एखादंच धान्य घ्यायचं, ते नीट खायचं आणि त्यावर बोलायचं. बस्स. गटाला नाव काय द्यायचं यावर तीन मीटिंगा झाल्या, चहा-भज्यांवर सातशे रुपये खर्च झाले, नाव ठरलं नाही. अजूनही ठरलेलं नाही. अस्सल पुणेरी कारभार!

नियम मात्र ठरले. ते केले बाईंनी. बाई म्हणजे आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या बाई. नियम एक : पहिला घास घेतल्याशिवाय फोटो काढायचा नाही. नियम दोन : 'छान', 'मस्त' आणि 'भारी' हे तीन शब्द बंद. का आवडलं ते सांगायचं. नियम तीन : 'आमच्याकडे असं करत नाहीत' हे वाक्य एका बैठकीत प्रत्येकाला एकदाच म्हणता येईल. (हा सगळ्यात जास्त वेळा मोडलेला नियम.)

आता माझी अडचण. मला वासच येत नव्हता.

एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला. इतरांच्या मानाने फारच सौम्य. त्या दिवसांत लोकांची माणसं जात होती, त्यामुळे 'माझा वास गेलाय' ही तक्रार करायचीही लाज वाटायची. येईल पंधरा दिवसांत, असं सगळे म्हणाले. बऱ्याच जणांचा आलाही. माझा आला नाही. मधे काही महिने भलताच प्रकार झाला. कॉफी आणि परतलेला कांदा, दोन्हींचा जळक्या रबरासारखा वास यायला लागला. मग तोही गेला. उरलं काय, तर सपाट शांतता.

तोपर्यंत मला वाटायचं की चव जिभेवर असते. डोंबलाची जिभेवर! जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. बाकी ज्याला आपण 'चव' म्हणतो, ते घास चावताना घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. तो गेला की आमरस म्हणजे गोड लगदा आणि वरणभात म्हणजे मऊ खारट. तिखट मात्र कळायचं. कारण मिरचीची आग ही चव नाहीच, ती वेदना, आणि तिची वायर वेगळी. त्यामुळे मी दोन वेळा झणझणीत मिसळ चापायचो आणि लोकांना वाटायचं, गडी एकदम ठणठणीत आहे.

मे २०२२. बायको ऑफिसला, मी घरून काम करत होतो. पाच वर्षांची लेक हॉलमध्ये चित्रं काढत होती. दूध बारीक गॅसवर ठेवलं आणि 'दोन मिनिटांचा कॉल आहे' म्हणून आत गेलो. आमच्या धंद्यात दोन मिनिटांचा कॉल किती चालतो ते तुम्हाला माहीत आहे. पस्तीस मिनिटांनी लेक नाक दाबून दारात उभी.

"बाबा, घाण वास येतोय."

"चित्र काढ हं, बाबाचं काम चाललंय."

"अरे पण खूप घाण वास येतोय!"

स्वयंपाकघरात गेलो. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, बर्नर फुसफुसत होता. मी गॅसपाशी उभा होतो आणि मला काही म्हणजे काहीही कळत नव्हतं. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, लेकीला घेऊन खाली पार्किंगमध्ये जाऊन बसलो. पाय कापत होते. एलपीजीला स्वतःचा वास नसतो म्हणे. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक दुर्गंधी रसायन घालतात. म्हणजे जगाने माझ्यासाठी केलेली एक साधी सोय होती आणि माझ्याकडे तिचं रिसीव्हरच नव्हतं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी गॅस डिटेक्टर मागवला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई खाण्याचा ग्रुप काढतायत. आपण दोघं जायचं."

"मी? मी काय करू तिथे? आंधळ्याने चित्रांच्या प्रदर्शनाला जाण्यासारखं आहे ते."

"घरात तू फक्त पोट भरतोस. निदान चार लोक जेवण कसं जेवतात ते तरी बघ."

तर असा मी गटात गेलो. वास येत नाही हे कुणाला सांगायचं नाही, असं बायकोला बजावून.

जूनमध्ये पहिली बैठक शेवळांची. गटातल्या एकाचं माहेर कल्याणचं. (हो, 'एकाचं माहेर'. तो घरजावई नाही, पण आईकडे जाताना तो हाच शब्द वापरतो.) तिकडून त्याने शेवळं आणली. पहिल्या पावसाला रानात उगवणारा हा कोंब चविष्ट, पण खाजरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते बाईंनी फळ्यावर काढल्यासारखे हवेत काढून दाखवले. म्हणून शेवळांच्या भाजीत काकडं नावाची आंबट फळं घालतात. तरी माझा घसा किंचित खवखवलाच. खरं सांगू? मला आनंद झाला. काहीतरी जाणवलं होतं!

शेऱ्यात मी लिहिलं : 'पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा गंध.' सगळे खूश.

जुलैत कांदेनवमी. चातुर्मासात कांदा-वांगं वर्ज्य करणाऱ्यांनी आषाढ शुद्ध नवमीला त्याचा मनसोक्त समाचार घ्यायचा, अशी आपल्याकडची उदार पद्धत. त्या वर्षी ती शुक्रवारी, ८ जुलैला आली. रविवारी ढकलावी तर रविवारी एकादशी! गटात चातुर्मास पाळणारं कुणीच नव्हतं, पण नवमी मात्र सगळ्यांना मुहूर्तावरच पाळायची होती. शुक्रवारी रात्री ऑफिसातून थेट. कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, भरलं वांगं, कच्चा कांदा बुक्कीने फोडून. कांदे चिरायचं काम माझ्याकडे आलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि वास शून्य! मग मी त्या भज्यांवर पाच मिनिटं बोललो. कुरकुरीतपणा, आतला ओलसरपणा, ओवा दाताखाली येण्याची ती वेळ... पोत कळायचा मला, तो मी इतरांपेक्षा बारकाईने बघायला शिकलो होतो. राहिलेला वास मी भाषेतून भरून काढायचो. लोक म्हणायला लागले, अरे ह्याचं नाक बघ काय तिखट आहे! नाकाने कांदे सोलणं म्हणजे काय, ते मी त्या रात्री अक्षरशः करत होतो.

ऑगस्टमध्ये पितळ उघडं पडलं.

बैठक भाताची होती. बाईंनी चार वाट्या झाकून ठेवल्या, वर फक्त नंबर. ओळखायचं. एक आंबेमोहोर, मुळशीहून आणलेला. (मुळशीच्या आंबेमोहोराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.) एक इंद्रायणी. ही मावळातली, वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेली जात, आंबेमोहोराचंच लेकरू, आयआर-८ शी संकर करून काढलेलं. एक बासमती आणि एक साधा जुना कोलम.

बासमती लांबीवरून ओळखला. इंद्रायणी चिकटपणावरून. उरल्या दोन वाट्या. फिफ्टी-फिफ्टी! चार नंबरची वाटी उचलली, डोळे मिटले आणि म्हणालो, "हा आंबेमोहोर. झाकण उघडल्या उघडल्या मोहोराचा दरवळ आला."

तो कोलम होता.

सगळे हसले, त्यांना वाटलं मी मुद्दाम फिरकी घेतली. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "डबे धुवायला थांब जरा." बायको लेकीला घेऊन वर गेली. बाई नळाखाली वाटी धरून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला वास येत नाही ना रे?"

मी गप्प.

"कधीपासून?"

"सव्वा वर्ष झालं, बाई."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना पार्किन्सन्स होता. हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी त्यांना आमटी बेचव लागायला लागली. मी हिंग वाढवला, मसाला बदलला, चिडले, रुसलेसुद्धा. ते बिचारे मला वाईट वाटू नये म्हणून 'वा, काय वास सुटलाय' म्हणायचे. अगदी तुझ्यासारखं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, या आजारात वास बरेचदा आधीच जातो." मग घाईने म्हणाल्या, "तुझं तसं नाही. तुझं कारण ठाऊक आहे. पण दाखवलंस का कुणाला?"

दाखवलं नव्हतं. प्रॉडक्शनमधला बग 'आपोआप जाईल' म्हणून सव्वा वर्ष उघडा ठेवणारा इंजिनिअर माझ्या टीममध्ये असता, तर मी त्याला काय काय बोललो असतो!

पुढच्या आठवड्यात कान-नाक-घसावाल्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी गोळी दिली नाही, गृहपाठ दिला. चार वास, दिवसातून दोनदा, प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद : गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये या पद्धतीवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. नुसतं हुंगायचं नाही, तो वास आठवायचाही. म्हणजे लिंबू नाकाशी धरायचं आणि आजोळच्या लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर आणायची. तीन महिने तरी करा, म्हणाले, आणि कबूलही केलं की येईलच याची खात्री नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडला. आम्ही क्लायंटला एवढं कधीच सांगत नाही :)

सप्टेंबरच्या बैठकीत मी गटासमोर सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं हसतील. कुणी हसलं नाही. उलट आमच्यातली एक टेस्टिंगवाली म्हणाली, "मग मागच्या तीन महिन्यांत तू जे बोललास ते आम्हाला खरं कसं वाटलं? आम्हाला तरी वास येत होता का?" यावर बराच वेळ शांतता. मग ठरलं की शेऱ्यांचा कॉलम माझ्याकडेच ठेवायचा, पण आता बाकीच्यांनी मला वास समजावून सांगायचे आणि मी लिहायचे. ज्याला वास येत नाही त्याला जायफळ कसं समजावाल? करून बघा एकदा. चौदा माणसं अर्धा तास भांडत होती. एक म्हणाला लाकडासारखं, दुसरी म्हणाली झोपेसारखं. कॉलममध्ये 'झोपेसारखं' लिहिलं.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, कुटा, गुळात कालवा, मुरवत ठेवा आणि तुपात सोडताना खसखस वर. उलटायचा नाही. माझे तिन्ही अनारसे कढईत हसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : अनारसा विरघळून पसरला की तो 'हसला' म्हणतात. रडावंसं आपल्याला वाटत असतं, हसतो तो. घरी लवंग-लिंबू-गुलाब-निलगिरी चालूच होतं. प्रगती शून्य. लेकीला मात्र हा खेळ फार आवडला. ती डोळे मिटून चारही बाटल्या बरोबर ओळखायची आणि मग माझी परीक्षा घ्यायची. मी नापास झालो की माझ्या वहीत चांदणी काढायची. प्रयत्नासाठी.

डिसेंबरमध्ये गोडा मसाला. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. आम्ही ह्याला युनिट टेस्टिंग म्हणतो. धणे, तीळ, खोबरं, तमालपत्र, दालचिनी, नागकेशर... बाई एकेक तव्यावरून काढून माझ्या नाकाशी धरायच्या, मी मान हलवायचो. लवंगेला काहीतरी झणकन लागलं, पण तो वास की नुसती चुरचुर, सांगता येईना. दगडफुलाला तर काहीच नाही. दगडफूल म्हणजे फूल नव्हेच, दगडावर आणि खोडावर वाढणारं ते शेवाळ आणि बुरशीचं जोडपं. पण गोड्या मसाल्याचा तो जो खोल वास आहे, तो बराचसा त्याचा. आई दर वर्षी सांगलीहून मसाल्याचा डबा पाठवते आणि फोनवर विचारते, "वास राहिलाय ना रे?" ती मसाल्याबद्दल विचारत असते. मी दोन वर्षं 'हो' म्हणत होतो. त्या रात्री पहिल्यांदा तिला खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग मीठ जास्त खात असशील. कमी कर." आई ती आईच.

आणि जानेवारी २०२३. संयुक्त राष्ट्रांनी हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलेलं, त्यामुळे ऑफिसच्या कॅन्टीनमध्येसुद्धा ज्वारीला भाव आला होता. आम्ही हुरड्याला गेलो. सोलापूर रस्त्याला एकाच्या मामांचं शेत. आगटीत गोवऱ्या पेटलेल्या, त्यात कोवळी कणसं खुपसायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून फोलकट उडवायचं. हिरवे, दुधाळ, गोडसर दाणे. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. मी कणीस चोळत होतो. वारा फिरला, धूर अंगावर आला. आणि धुराबरोबर काहीतरी आलं.

पहिल्यांदा कळलंच नाही काय ते. मग कळलं. शेण! जळणाऱ्या गोवरीचा वास!

एकवीस महिन्यांनी नाकात शिरलेला पहिला वास शेणाचा. माणसाला केवडा यावा, मोगरा यावा... असो. मी तिथेच वाकून आगटीत तोंड घातलं. मामा म्हणाले, "पाव्हणं, भाजंल!" डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळ्यांना सांगितलं, धुराने. बाईंना सांगितलं नाही, त्यांना कळलंच होतं.

त्यानंतर वास एकेक करून आले, गावाकडच्या एसटीतून पाहुणे उतरावेत तसे. काही आले, काही चुकून दुसऱ्याच स्टॉपवर उतरले. मार्चमध्ये होळीच्या पुरणात वेलची आली, जायफळ अर्धवट. ('झोपेसारखं' हे वर्णन मला आता मान्य आहे.) कॉफी अजूनही नीट नाही. व्यायामाने आलं की काळाने, ते मला ठामपणे सांगता येणार नाही. कदाचित काहीच न करता आलंही असतं. पण निदान मी वाट बघत होतो, लपवत नव्हतो.

मेमध्ये वर्ष संपलं ते आंब्यावर. हापूस, पायरी, केशर, पुन्हा झाकलेल्या वाट्या. मी दोन वेळा हुंगलं, एकदा खाल्लं आणि पायरी बरोबर ओळखली. बाकीच्या दोघांत गडबड केली. शेऱ्यात लिहिलं : 'एक बरोबर, दोन चूक. वास साधारण निम्मा.' त्या शीटमधला माझा सगळ्यात रुक्ष शेरा. आणि पूर्ण खरा.

शेवटची नोंद मात्र शीटमध्ये नाही. ती जूनमधली. पुन्हा दूध, पुन्हा कॉल. (माणूस सुधारत नाही.) आर्किटेक्चरवर चर्चा चालू होती, मी काहीतरी महत्त्वाचं बोलत होतो आणि मधेच थांबलो. कसला तरी वास येत होता. हेडफोन टाकून पळत स्वयंपाकघरात गेलो. दूध खाली लागलं होतं, चांगलं करपलं होतं. डिटेक्टर गप्प होता, ज्योत चालू होती. मी गॅस बंद केला आणि त्या करपलेल्या पातेल्यावर वाकून उभा राहिलो. लेक मागून आली. नाक दाबून.

"बाबा, घाण वास येतोय."

"हो ग," मी म्हटलं, "मला पण."

पातेलं काही निघालं नाही, शेवटी टाकावं लागलं. बायको अजून मधूनमधून त्या पातेल्याचा विषय काढते. काढू दे. असो. पुढच्या रविवारी गटात खरवस आहे. गवळ्याला चिकाचं सांगून ठेवलंय.